वैमानिकांचा आवाज कोण ऐकणार?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा टीव्हीवर सारखं ‘ब्लॅक बॉक्स सापडला’ चाललं होतं. बैठकीत बायकांनी आम्हाला विचारलं, ही काळी पेटी म्हणजे काय? तर ती काळी नसतेच, नारिंगी असते. मलब्यात पटकन दिसावी म्हणून. एका पेटीत विमानाची उंची, वेग अशा नोंदी राहतात. दुसरीत कॉकपिटमधला, म्हणजे वैमानिक बसतात तिथला, आवाज. आज या आवाजाविषयीच बोलू.

ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉरन यांचे वडील १९३४ साली विमान समुद्रात नाहीसं होऊन गेले. मुलगा तेव्हा ९ वर्षांचा. वडिलांनी दिलेली शेवटची भेट होती एक साधा रेडिओ संच, त्यातून त्याला आवाजाच्या यंत्रांचा नाद लागला. मोठेपणी ते मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेत इंधनाचे तज्ज्ञ झाले. तेव्हा कॉमेट नावाची नवी जेट विमानं पडू लागली होती. त्यातलं एक २ मे १९५३ रोजी आपल्या कलकत्त्याजवळ पडलं, ४३ माणसं गेली. या अपघातांवर चर्चा चालली असताना वॉरन यांना एका प्रदर्शनात पाहिलेलं खिशात मावणारं रेकॉर्डिंग यंत्र आठवलं. तसं एखादं विमानात असतं तर?

त्यांनी केलेल्या नमुना यंत्रात पोलादी तारेवर ४ तासांचं बोलणं राहायचं. पण देशात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. हवाई दलाचं म्हणणं, त्यात कारणांपेक्षा शिव्याच जास्त ऐकू येतील! वैमानिकांची संघटना तर फारच चिडली, आमच्यावर पाळत ठेवता का म्हणून.

आम्हाला हा राग समजतो. आमच्या एका गटात थकलेल्या कर्जावर बोलायचं होतं. सचिवताईंनी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या गप्प. एक मावशी म्हणाल्या, “ऐकणार कोण, ते आधी सांगा.”

वॉरन यांच्या यंत्राची कदर आधी इंग्लंडात झाली. मग १९६० साली क्वीन्सलंडमधल्या मॅके इथे विमान पडून २९ जण गेले आणि कारण काही सापडेना. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी असं यंत्र बसवायला सांगितलं, आणि कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद सक्तीची करणारा पहिला देश ऑस्ट्रेलियाच ठरला. वैमानिकांचंही थोडं ऐकलं गेलं. बऱ्याच विमानांत प्रवास नीट पार पडून विमान जमिनीवर उभं राहिलं की रेकॉर्डिंग पुसायची सोय ठेवली.

चित्राचं मात्र अडलंय. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २००० साली कॉकपिटमध्ये कॅमेरा असावा अशी शिफारस केली, वैमानिक संघटनांनी विरोध केला. मोठ्या प्रवासी विमानांना अजून त्याची सक्ती नाही. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, इंधन का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोणता आवाज कुणाचा, ते अहवालात नाही. आणि हात तर आवाजात दिसत नाही. दोन्ही घरची माणसं हे वाचत असतील.

आमच्या त्या गटात शेवटी ठराव झाला. रेकॉर्डिंग करायचं, पण इतिवृत्त लिहून, वाचून झालं की सगळ्यांसमोर पुसायचं. मावशींनी त्यावर पहिला अंगठा दिला.