चाक-टायर जुळणी (मोटारगाडी)

मूळ चाकांऐवजी वेगळ्या मापाची चाके व टायर बसवताना ती गाडीच्या हबला, चाकघराला आणि भाराला योग्य आहेत का, हे पाहण्याची क्रिया. टायरच्या कडेवर छापलेल्या १८५/६५ आर १५ या मापात रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी आणि रिम १५ इंची असते; ‘आर’ म्हणजे रेडियल. एकूण व्यास होतो ६२१.५ मिमी. सोळा इंची अलॉय हवी असल्यास १९५/५५ आर १६ जवळ बसतो (६२०.९ मिमी), त्यामुळे वेगदर्शक काटा चुकत नाही.

व्यास जुळला तरी काम संपत नाही. बोल्टवर्तुळ (पीसीडी) व बोल्टची संख्या, उदाहरणार्थ ४×१००, तंतोतंत हवी. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर रिंग घालावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. ऑफसेट कमी केल्यास चाक बाहेर येते, मडगार्डला घासते आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. भारांकही पाहावा: ८८ म्हणजे प्रत्येक टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. दुकानात हा आकडा फार कमी जण विचारतात, हे धोक्याचे आहे.

सणसर (ता. इंदापूर) भागात भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीला वाट देताना गाडी साइडपट्टीवर उतरवावी लागते. डांबराच्या तुटक्या कडेवर बुटक्या बाजूचा टायर रिम व दगडात चेपतो, आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. म्हणून इथे मूळ मापच उत्तम.