दादरची बालवाडी आणि आपल्या अंगणातली ताई



अंगणवाडीत मूल धाडताना आपण काय बघतो? खाऊ मिळतो का, वजन करतात का, छप्पर गळतं का. पण आपल्या ताईंना कोण शिकवतं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याचीच गोष्ट सांगते. तिचा मोठा भाग मुंबईत, दादरला घडला.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. त्या काळी बाई पदवीधर होणं विरळच, पण त्या झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. ती मानाची नोकरी त्यांनी सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या काम करू लागल्या. दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाई लहान मुलांकडे बघत स्वतः नव्यानं शिकू लागल्या. १९२६ साली तिथंच नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथं मुलांची शाळाही होती आणि शिक्षिकांचं शिक्षणही. नुसती पुस्तकं पाठ करून बालवाडी चालवता येत नाही. मूल काय उचलतं, कशात रमतं, कुठं अडतं, हे रोज बघावं लागतं. लांबच्या शिक्षकांसाठी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिकही त्या चालवत.

पण शहरात तयार झालेली पद्धत खेड्यात चालेल का? १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी काम सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, कष्टानं शिकून शिक्षिका झालेल्या. वर्गात शिकवण्याचा अनुभव त्यांना होता, पण इथं निराळंच होतं. गरिबांच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईचनात. मग दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली, घरांच्या अंगणात. आधी मुलांना स्वच्छ करायचं, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथूनच आला.

पुढे १९५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जात. म्हणून शाळाही कुरणात भरली. मूल येत नाही म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत, आपली रीत बदलायची. शिक्षिकेचं खरं शिक्षण ते हेच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव पोचलं, पण ताईंना शिकवणारी सोबत प्रत्येक गावात पोचली का? रजिस्टरं भरणं, वजनं, खाऊ, लसीकरणाचा निरोप, सगळं तिच्याच अंगावर. मुलांसोबत बसायला वेळ उरतो कधी?

म्हणून बचतगटाच्या पुढच्या बैठकीत ताईंना बोलवा. जाब विचारायला नव्हे, चहाला. विचारा, ‘ताई, शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? त्यातलं उपयोगी काय पडलं? पर्यवेक्षिकाबाई येतात तेव्हा नुसती रजिस्टरं बघतात, की मुलांत बसून तुम्हाला काही दाखवतातही?’ उत्तरं लिहून घ्या आणि ग्रामसभेत मांडा. आणि बिया, शिंपले, चिंचोके गोळा करून द्यायला तर कुणाची मंजुरी लागत नाही.

ताई शिकती राहिली, तर आपली पोरं शिकतील.