इतिहासकाराच्या अंगणांतील रानसफरचंद

उत्तर अमेरिकेंतील फ्रेंच व इंग्रज यांच्या झगड्याचा इतिहास लिहिणारा फ्रान्सिस पार्कमन वाचकांस ठाऊक असतो. त्याच्या बागेची वार्ता मात्र थोड्यांनाच असते. पाँटिॲकच्या बंडावरील त्याचा ग्रंथ १८५१ सालीं निघाला, आणि पुढें डोळ्यांनीं व मज्जातंतूंनीं असा दगा दिला कीं, वाचन-लेखन जवळजवळ बंदच पडलें. कागदावर तारांची चौकट बसवून, न पाहतां ओळी लिहिण्याची युक्ति त्यानें आधींच योजिली होती, तीहि पुरेना. १८५७ त मुलगा गेला, १८५८ त पत्नी. अशा स्थितींत बोस्टनजवळील जमैका पाँड या तळ्याच्या कांठीं, कधीं चाकांच्या खुर्चींत बसून, तो माती उकरूं लागला.

याच बागेंत १८६१-६२ च्या सुमारास जपानांतून एक शोभेचें रानसफरचंद आलें. इंग्रज ज्यांस क्रॅबॲपल म्हणतात, त्यांपैकीं हें एक. पाठविणारा जॉर्ज रॉजर्स हॉल हा पूर्वेकडे राहिलेला अमेरिकन डॉक्टर. जातीला ‘हालियाना’ हें नांव त्याच्यावरून पडलें, आणि दुहेरी फुलांच्या या वाणाला पार्कमनचें. झाड मूळचें चीनचें. चिनी लोक त्याला लोंबत्या रेशीमधाग्यांचें हायतांग म्हणतात, व तें यथार्थच आहे. बारीक, तांबूस देठांवर गुलाबी फुलें खालीं झुलत असतात. फळ वाटाण्याएवढें, खाणाऱ्याची निराशाच!

निगा कठीण नाहीं, पण चालढकल खपत नाहीं. भरपूर ऊन व पाणी न तुंबणारी जमीन हवी. छाटणी हिंवाळा सरतां सरतां करावी; उन्हाळा उलटल्यावर केल्यास पुढील वर्षाच्या कळ्याच कापल्या जातात. खुंटापासून फुटणारे धुमारे वेळींच काढावे, नाहींतर खुंटच कलमाला मारून वर चढतो. पानांवर खपलीरोग पडल्यास गळलेला पाचोळा झाडून काढावा, कारण रोगाचें बीज हिंवाळाभर त्यांतच दबा धरून बसतें. कडक थंडीवांचून हें झाड नीट फुलत नाहीं. म्हणून आपल्या मैदानी हवेंत त्याची हौस करूं नये.

बागकाम म्हणजे पार्कमनच्या इतिहासलेखनांत पडलेला खंड, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. १८६५ त फ्रेंच मालिकेचा पहिला भाग निघाला आणि १८६६ त गुलाबांवरील त्याचा ग्रंथ. दोन्ही कामें एकाच हातानें, एकाच काळांत चाललीं होतीं. १८७१ त हार्वर्डनें त्याला उद्यानविद्येचा प्राध्यापक नेमिलें, इतिहासाचा नव्हे. मालिकेंतील शेवटचा ग्रंथ १८९२ त बाहेर पडला. पुढच्याच वर्षीं, तळ्याकांठच्या त्याच घरीं, त्याचा अंत झाला.