रस्सा-भात आणि गव्हाच्या शेवया

श्रोतेहो, परमुलखात गेलेल्या माणसाला घर किती लांब राहिले हे कळते पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता. पोटात भूक, समोर दहा खाणावळी, आणि एकाही पाटीवरचे अक्षर लागत नाही. दक्षिण कोरियातल्या पुसान या बंदराच्या गावी नोकरीनिमित्त राहिलो तेव्हा माझी तीच गत झाली. बरोबरच्या परदेशी मंडळींनी दाखवलेल्या हॉटेलात पाव आणि बटाटे मिळत. म्हटलं, समुद्र ओलांडून इथवर आलो तो पाव खायला?

मार्ग निघाला तो अक्षरांतून. कोरियन लिपी राजा सेजोंग याने १४४६ साली जाहीर केली. आज तिची मूळ अक्षरे २४. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर करायचे, आपल्या बाराखडीशी पुष्कळ मिळतेजुळते. शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम सांगतो, आठवड्याभरात मला पाट्या वाचता येऊ लागल्या. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात. हसू नका, शब्द खरोखर तसाच आहे. 'गुक' म्हणजे रस्सा, म्हणून 'गुकबाप' हा रस्सा-भात. 'म्योन' म्हणजे शेवया आणि 'मिल' म्हणजे गहू. या गावात जिकडे पाहावे तिकडे 'मिलम्योन'च्या पाट्या. मला कोडे पडले. भात खाणाऱ्या देशात हे एक शहर गव्हाच्या थंडगार शेवयांचा एवढा अभिमान का बाळगते?

उत्तर मिळाले ते लढाईत. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. तो सुटला तोच त्याचे दोन तुकडे झाले, आणि २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. राजधानी सेऊल पडली. सरकार हटत हटत अगदी दक्षिण टोकाला, पुसानला आले, आणि मधले काही महिने सोडले तर १९५३ पर्यंत तिथेच राहिले. सरकारच्या मागोमाग माणसे आली. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेच्या हुंगनाम बंदरातून जहाजांत दाटीवाटीने भरून एक लाखाच्या आसपास निर्वासित दक्षिणेकडे आणले गेले. १९४९ साली पाच लाखांच्या आत असलेली पुसानची वस्ती १९५५ साली दहा लाखांवर गेली. डोंगराच्या उतारावर पत्र्याच्या, लाकडी फळ्यांच्या झोपड्या उठल्या. त्या उतारावरच्या वस्त्या अजून आहेत.

उत्तरेच्या लोकांचा आवडीचा पदार्थ 'नेंगम्योन', म्हणजे बर्फासारख्या गार रश्शातल्या शेवया. त्या कुट्टूच्या पिठाच्या नाहीतर बटाट्याच्या सत्त्वाच्या करतात. पुसानला कुट्टू मिळेना. मिळत होते ते मदत म्हणून आलेले अमेरिकन गव्हाचे पीठ. तेव्हा त्या घरच्या बायकांनी त्यात थोडे सत्त्व मिसळून शेवया पाडल्या. तेच हे मिलम्योन. परक्या पाहुण्याला पुसानचा 'खास इथला' म्हणून जो पदार्थ वाढतात, तो घर गमावलेल्या माणसांनी, मिळेल त्या पिठातून, घराची चव आठवून केलेला आहे. मला हे समजले त्या दिवशी वाडगा पुरा संपवायला अंमळ वेळ लागला.

डुकराच्या हाडांचा रस्सा घातलेला भात, 'द्वेजी गुकबाप', हाही त्याच दिवसांत गावभर पसरला असे तिथले लोक सांगतात. स्वस्त, गरम, आणि हमालाच्या पोटाला दुपारपर्यंत पुरणारा. शाकाहारी माणसाची मात्र या गावात पंचाईत आहे. रश्शाचे पाणीसुद्धा बहुधा मासळीचे, आणि किमचीत खारवलेली कोळंबी. त्याने सरळ बौद्ध विहाराची वाट धरावी.

बाजारांची नावेही ऐकण्यासारखी. बूप्योंगच्या बाजाराला 'कांगथोंग' बाजार म्हणतात, म्हणजे पत्र्याच्या डब्यांचा बाजार. अमेरिकन छावण्यांतून निसटलेले खाद्याचे डबे तिथे विकले जात, त्यावरून हे नाव पडले. जवळच जागालची, मासळीचा बाजार. विकणाऱ्या बहुतेक बायका, लढाईनंतर संसाराचा गाडा ओढायला उभ्या राहिलेल्यांच्या मागच्या पिढ्या. त्यांना 'आजिमे' म्हणतात; आपण मावशी म्हणू तसे. आवाज मात्र थेट आपल्या कोळणींचा.

लढाईत आपली माणसेही तिथे होती, बरं का. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचे ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक नोव्हेंबर १९५० मध्ये पुसानलाच उतरले. पुढे १९५३ साली युद्धकैद्यांची देखरेख करायला भारतीय सेना गेली, तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. पण दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या जमिनीवर भारतीय पाऊल पडू देणार नाही असा हट्ट धरला. तेव्हा आमचे जवान जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेण्यात आले. बाजारातल्या शेवया काही त्यांच्या वाट्याला आल्या नसतील!

गव्हाची गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेने १९५४ साली पी. एल. ४८० चा कायदा केला. त्याखाली कोरियाशी १९५५ साली करार झाला आणि आपल्याशी १९५६ साली. म्हणजे एकाच कोठाराचे धान्य दोन्हीकडे आले. तांदूळ वाचवायचा म्हणून तिथल्या सरकारने लोकांना पीठ खायला लावले. १९६९ साली बुधवारी आणि शनिवारी दुपारी खाणावळींत भात वाढायला बंदी झाली. शाळेत गुरुजी मुलांचे डबे उघडून पाहत, भातात सातू मिसळला आहे की नाही. काही मुले वरच्या थराला तेवढे सातू पसरीत! आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातला लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना मी अधिक काय सांगू?

आणि आता पेयाकडे. शिफारस करत नाही, माहिती सांगतो. 'माक्कोल्ली' ही शेतकऱ्याची, ताकासारखी पांढरी, ताडीसारखी आंबट दारू. तांदूळ वाफवून त्यात गव्हाच्या बुरशी आलेल्या वड्या, 'नुरुक', आणि पाणी घालून आंबवतात. पूर्वी ती घरोघर होई. जपानी अमलात कर आला, आणि १९३४ साली घरी दारू करण्याचे परवानेच संपले. १९६५ साली स्वतंत्र सरकारने तांदळाची दारू करायला बंदी केली, म्हणून ती गव्हाच्या पिठाची होऊ लागली. जुने लोक म्हणत, चव गेली. पुढे 'थोंगिल' नावाचे भाताचे नवे वाण शेतांत आले, पीक भरपूर झाले, आणि १९७७ साली बंदी उठली. एका बियाण्याने गावाचा पेला परत मिळवून दिला. घरी करायला मात्र १९९५ पर्यंत थांबावे लागले.

पुसानच्या वर गमजोंग डोंगरावर जुना किल्ला आहे. तिथल्या गावाने हे सगळे कायदे डोळ्याआड करून आपली माक्कोल्ली चालूच ठेवली होती. शेवटी १९७९ साली सरकारनेच तिला परवाना दिला. तिथे नुरुकच्या वड्या बायका अजून पायांनी तुडवून थापतात. मध्ये पातळ, कडेला जाड, मोठ्या भाकरीएवढ्या.

मी जात असे त्या खाणावळीत गार शेवयांच्या आधी पितळी रंगाच्या किटलीतून गरम रस्सा पेल्यात ओतत. पहिल्या दिवशी मी तो हात धुवायचे पाणी समजलो. मालकीणबाई धावत आल्या, माझा हात धरला, आणि स्वतः एक घोट पिऊन दाखवला.