पामर, फॅरा

पामर, फॅरा : (२७ नोव्हेंबर १९७२– ). न्यूझीलंडची विख्यात रग्बी खेळाडू, राष्ट्रीय महिला संघाची कर्णधार आणि क्रीडाविषयाची अभ्यासक. तिच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडच्या महिला संघाने लागोपाठ तीन विश्वचषक जिंकले (१९९८, २००२ व २००६).

तिचा जन्म न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ते कुइटी येथे माओरी वंशात झाला. कॉलिन मीड्स ह्या नामवंत खेळाडूमुळे हा परिसर रग्बीप्रेमींना आधीच परिचित होता. तथापि फॅरा ह्या खेळाकडे वळली ती ड्यूनेडिन येथील ओटागो विद्यापीठात शिकत असताना. १९९६ मध्ये तिने राष्ट्रीय संघात प्रवेश केला व पुढच्याच वर्षी तिच्याकडे कर्णधारपद आले.

ती हुकर ह्या जागेवर खेळे. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना दोन्ही संघांचे प्रत्येकी आठ खेळाडू खांद्याला खांदा लावून परस्परांना भिडतात. ह्या रचनेस स्क्रम म्हणतात. तीत पहिल्या रांगेच्या मध्यभागी राहून, दोन्ही बाजूंचा दाब सोशीत, चेंडू पायाने आपल्या बाजूस ओढून घेणे हे हुकरचे काम होय. त्यासाठी बळाबरोबरच अचूक वेळ साधण्याचे कौशल्यही लागते.

महिलांच्या रग्बीचा तो संक्रमणकाळ होता. १९९१ मध्ये वेल्समध्ये व १९९४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धांस आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची मान्यता नव्हती. दुसऱ्या स्पर्धेत तर न्यूझीलंडचा संघ उतरलाच नाही. मंडळाच्या मान्यतेने भरलेली पहिली स्पर्धा १९९८ ची. तिच्या ॲम्स्टरडॅम येथील अंतिम सामन्यात पामरच्या संघाने अमेरिकेचा ४४–१२ असा पराभव केला. पुढे बार्सेलोना (२००२) व एडमंटन (२००६) येथील अंतिम सामन्यांत इंग्लंडला अनुक्रमे १९–९ व २५–१७ असे हरविले. कर्णधार म्हणून तिला एकच कसोटी सामना गमवावा लागला. तो २००१ मध्ये इंग्लंडविरुद्ध. २००६ च्या विजयानंतर ती निवृत्त झाली.

ह्या यशाची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. १९९५ मध्ये रग्बीतील हौशीपणाचे बंधन उठले आणि पुरुष खेळाडूंना हा खेळ उपजीविकेचे साधन म्हणून खुला झाला. त्यानंतर वर्षभराने पदार्पण केलेल्या पामरची सारी कारकीर्द मात्र हौशी खेळाडू म्हणूनच पार पडली. अकरा हंगामांत तिच्या वाट्यास ३५ कसोटी सामने आले, म्हणजे वर्षाकाठी सरासरी जेमतेम तीन. जगज्जेत्या संघालाही खेळण्याची संधी किती क्वचित मिळे, हे त्यावरून स्पष्ट होते. ह्या महिला संघातील खेळाडूंशी पहिले व्यावसायिक करार २०१८ मध्ये झाले.

खेळत असतानाच तिने माओरी मुली, शारीरिक शिक्षण व क्रीडाक्षेत्रातील सत्तासंबंध ह्या विषयावर प्रबंध लिहून ओटागो विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली आणि पुढे मॅसी विद्यापीठात अध्यापन केले. मैदानाबाहेरील सत्तेचा जो प्रश्न तिने अभ्यासासाठी निवडला, तोच पुढे तिच्या सार्वजनिक कार्याचाही विषय झाला. २०१६ मध्ये न्यूझीलंड रग्बी संघटनेच्या संचालक मंडळावर तिची नियुक्ती झाली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संघटनेच्या मंडळावर तोपर्यंत एकही स्त्री नव्हती. तिसरा विश्वचषक आणि मंडळावरील पहिले स्थान ह्यांत दहा वर्षांचे अंतर पडले. मैदानावरील कर्तृत्वाचा गौरव आणि खेळाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ह्या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीमुळे दुसरी आपोआप लाभत नाही, हेच त्यावरून दिसून येते.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीच्या कीर्तिमंदिरात तिचा समावेश झाला. न्यूझीलंडमधील महिलांची प्रांतिक स्पर्धा २०१६ पासून ‘फॅरा पामर चषक’ ह्या नावाने भरू लागली. २०२३ च्या नववर्ष सन्मानांत तिला ‘डेम’ हा किताब देण्यात आला.