चष्म्याचा नंबर नाही, तरी डोकं का दुखतं?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कापडाचा दोष शोधणारे, व्हर्नियरवर माप घेणारे, कॉम्प्युटरसमोर बसणारे आपले कितीतरी भाऊ-बहिणी आहेत. शिफ्ट संपता संपता कपाळ ठणकतं. गोळी घेतली, चहा प्यायला, घर गाठलं. चष्म्याच्या दुकानात सांगतात, "नजर 6/6 आहे, नंबर नाही." दुखणं मात्र राहतंच.

अशा वेळी दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ तपासायला हवा. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. हे वळणं कमी पडलं की दोन चित्रं एक करायला जोर लागतो. मग डोळे जड होतात, डोकं दुखतं, कधी एकाची दोन अक्षरं दिसतात. याला 'कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी' म्हणतात. नेहमी बघताना डोळे सरळच दिसतात आणि दूरचा तक्ताही नीट वाचता येतो, म्हणून ते निसटतं.

मुलांचं तर आणखी अवघड. उर्दूत बे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्तेच हलायला लागले तर मूल सबक कसा वाचणार? ते ओळ चुकवतं, एक डोळा झाकतं, पुस्तक टाळतं आणि घरात 'कामचोर' ठरतं. रागावण्याआधी डोळे तपासा, एवढंच आम्ही पालकांना सांगतो.

घरी अंदाज घेता येतो. चष्मा असेल तर तो लावून पेनाचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणा. साधारण 6 ते 10 सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसावं. त्याआधीच दोन दिसलं तर कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. ईएसआय कार्ड असेल तर तिथूनही सुरुवात करता येते. "जवळचं बघताना दुखतं, दोन्ही डोळे एकत्र तपासा," असं स्पष्ट सांगा. चाळिशीनंतर मात्र बऱ्याचदा जवळच्या चष्म्याचीच गरज असते.

उपाय व्यायामाचा आहे. अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर 12 आठवडे अभ्यास झाला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांकडे व्यायाम आणि जोडीला घरी सराव करणाऱ्यांपैकी 73 टक्के बरे झाले किंवा सुधारले. फक्त घरी पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांपैकी 43 टक्के. म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ बघून भागवू नका.

अचानक दोन दिसायला लागलं, पापणी खाली आली किंवा डोक्याला मार लागल्यावर असं झालं, तर पेन-पेन्सिल बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगर असणाऱ्यांनी तर नक्कीच.