एका अडखळत्या जिभेची कथा

मनुष्य हा वाणीमुळें इतर प्राण्यांहून श्रेष्ठ ठरला, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण ही वाणी सर्वांना सारख्या मापानें मिळते असें नाहीं. कुणाच्या मुखांतून शब्द झऱ्यासारखे वाहतात, तर कुणाला स्वतःचें नांव सांगतांनाही घाम फुटतो. वर्गांत पाठ म्हणण्याची पाळी आली कीं बाकाची कड घट्ट धरून उभा राहणारा, पहिल्याच अक्षरावर अडणारा आणि भोवतालच्या हंशानें लालबुंद होऊन खालीं बसणारा मुलगा प्रत्येक शाळामास्तरानें पाहिलेला आहे. अशाच एका मुलाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. हा मुलगा पुढें अमेरिकेंतील नामांकित गोल्फपटू झाला. आणि हातांनीं दगा दिल्यावर त्यानें जो व्यवसाय पत्करला तो बोलण्याचा! थोडीथोडकी नव्हे, ३५ वर्षें त्यानें दूरचित्रवाणीवर गोल्फचें समालोचन केलें. त्याचें नांव केन व्हेंट्युरी.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे घरोघर परिचित नाहीं. म्हणून त्याविषयीं दोन शब्द आधीं सांगतों. विस्तीर्ण मैदानांत अठरा ठिकाणीं जमिनींत लहान भोंकें केलेलीं असतात. त्यांना होल म्हणतात. काठीनें चेंडू टोलवीत टोलवीत तो एकेका होलांत घालावयाचा, आणि सर्व होल पुरे करण्यास ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो विजयी. मोठ्या स्पर्धेंत अशा चार फेऱ्या, म्हणजे बहात्तर होल खेळावे लागतात. क्रिकेटमध्यें अकरा गडी एकमेकांना सांवरून घेतात; टेनिसमध्यें निदान समोर प्रतिस्पर्धी उभा असतो. गोल्फमध्यें खेळाडू असतो आणि निश्चल पडलेला एक चेंडू असतो. चूक झाली तर ती सर्वस्वी आपली. शिवाय तासन् तास खेळलें तरी कुणाशीं एक अक्षर बोलण्याची गरज नसते. आपल्या कथेच्या दृष्टीनें ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

केनचा जन्म १५ मे १९३१ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं झाला. तेथें हार्डिंग पार्क नांवाचें एक सार्वजनिक गोल्फ-मैदान आहे. त्या मैदानावरील खेळाच्या सामानाचें दुकान केनचे वडील चालवीत. घरची स्थिति बेताची, आणि मुलगा तोतरा. केन तेरा वर्षांचा असतांना त्याच्या शिक्षिकेनें आईला बोलावून सांगितलें कीं, या मुलाचा तोतरेपणा असाध्य आहे, याला कधींही नीट बोलतां येणार नाहीं. आईनें घरीं येऊन विचारलें, ‘आतां तूं काय करणार?’ मला ठाऊक असलेला सर्वांत एकाकी खेळ मी खेळणार, अशा अर्थाचें उत्तर त्या मुलानें दिलें आणि जुन्या काठ्या घेऊन तो हार्डिंग पार्कवर गेला. ही हकीकत व्हेंट्युरी स्वतः आयुष्यभर सांगत असे.

लोकांच्या हंशापासून पळ काढण्यासाठीं तो मैदानावर गेला खरा. पण तेथें एक नवल घडलें. एकटा सराव करतांना तो मोठमोठ्या स्पर्धांची कल्पना करी, आणि त्या काल्पनिक स्पर्धेंतील आपल्याच टोल्यांचें वर्णन मोठ्यानें करूं लागे. ऐकणारें कुणी नसल्यामुळें हंसणारेंही कुणी नव्हतें. चेंडू मारण्याचा सराव आणि बोलण्याचा सराव असे दोन्ही अभ्यास एकाच मैदानावर, एकाच वेळीं चालले. तोतरेपणा एका दिवसांत गेला नाहीं. त्याच्याशीं झगडा पुढें अनेक वर्षें चालूच राहिला. पण जीभ हळूहळू वळूं लागली, आणि हात तर लवकरच वळले.

१९५१ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो कॅलिफोर्निया राज्याचा हौशी विजेता झाला. १९५३ सालीं ब्रिटन-आयर्लंडविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या वॉकर कप सामन्यासाठीं त्याची निवड झाली. मध्यंतरीं लष्करांतील नोकरी झाली, आणि १९५६ सालीं राज्याचें विजेतेपद त्यानें पुन्हां मिळविलें. या काळांत त्याला गुरु लाभला तो बायरन नेल्सन. १९४५ सालीं लागोपाठ अकरा व्यावसायिक स्पर्धा जिंकण्याचा विक्रम करणारा हाच तो नेल्सन.

१९५६ सालच्या एप्रिलमध्यें जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें मास्टर्स नांवाची प्रख्यात स्पर्धा भरली. ती आजवर एकाही हौशी खेळाडूला जिंकतां आलेली नाहीं. पंचवीस वर्षेंही पुरीं न झालेल्या व्हेंट्युरीनें पहिल्या फेरींत ६६ टोले घेऊन आघाडी मिळविली, आणि तीन फेऱ्यांनंतर तो चार टोल्यांनीं पुढें होता. अखेरच्या दिवशीं वारा सुटला. व्हेंट्युरीला त्या फेरींत ८० टोले लागले, आणि आठ टोल्यांनीं मागें असलेला जॅक बर्क एका टोल्यानें विजयी झाला. विशेष असें कीं, मास्टर्सचें दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण त्याच वर्षीं प्रथम झालें, आणि तें करणारी संस्था होती सी. बी. एस. गोल्फचें राष्ट्रव्यापी प्रक्षेपण अमेरिकेंत सुरू होऊन तेव्हां जेमतेम तीन वर्षें झालीं होतीं. बारा वर्षांनीं याच संस्थेनें त्या हरलेल्या खेळाडूला समालोचक म्हणून बोलाविलें. नियति कोणते धागे कोठें गुंफील तें सांगतां येत नाहीं!

त्याच वर्षाच्या अखेरीस तो व्यावसायिक झाला आणि पुढील तीन-चार वर्षांत त्यानें अनेक स्पर्धा जिंकल्या. १९६० सालीं मास्टर्सचा विजय पुन्हां त्याच्या हाताशीं आला होता. तो आपला खेळ संपवून बसला होता. मैदानावर फक्त अर्नोल्ड पामर त्याला गांठूं शकत होता. पामरनें शेवटच्या दोन्ही होलांवर एकेक टोला वांचविला आणि एका टोल्यानें स्पर्धा जिंकली. यानंतर उतार लागला. १९६१ सालीं मोटारीच्या अपघातांत दुखापत झाली. पाठ दुखूं लागली, टोला मारण्याची लय बिघडली. १९६३ सालीं वर्षभर खेळून चार हजार डॉलरही त्याच्या पदरीं पडले नाहींत. ज्याला स्पर्धांचीं निमंत्रणें येत, त्याला आतां प्रवेशासाठीं विनंत्या कराव्या लागत. मित्र दुरावले, संसारांत कुरबुरी सुरू झाल्या.

अशा स्थितींत १९६४ सालची अमेरिकन ओपन स्पर्धा आली. ओपन म्हणजे हौशी व व्यावसायिक अशा सर्वांना खुली. वॉशिंग्टनजवळील काँग्रेशनल क्लबच्या मैदानावर ती व्हावयाची होती. तेथें पोंचण्यासाठीं व्हेंट्युरीला एखाद्या नवख्याप्रमाणें पात्रतेच्या फेऱ्या खेळाव्या लागल्या. त्या काळीं या स्पर्धेच्या शेवटच्या दोन्ही फेऱ्या एकाच दिवशीं, म्हणजे छत्तीस होल एकदम, खेळण्याची प्रथा होती. तो दिवस शनिवार, २० जून. उष्णता शंभर फॅरनहाइट अंशांच्या आसपास, आणि हवा दमट. आम्हां मुंबईकरांना मे महिन्यांतील उकाड्यावरून त्याची कल्पना करतां येईल. मात्र त्या उकाड्यांत आपण पंख्याखालीं बसतों, मैलोगणती चालत नाहीं.

सकाळीं निघतांना व्हेंट्युरी टॉमी जेकब्सच्या सहा टोले मागें होता. पहिले नऊ होल त्यानें अवघ्या तीस टोल्यांत संपविले. पण फेरी संपतां संपतां त्याला भोवळ येऊं लागली, हातपाय थरथरूं लागले आणि शेवटच्या दोन होलांवर अगदीं जवळचे टोले चुकले. तरीही फेरी ६६ टोल्यांत झाली आणि अंतर दोन टोल्यांवर आलें. मधल्या सुट्टींत तो खेळाडूंच्या खोलींत जमिनीवर आडवा पडला. तपासणाऱ्या डॉक्टरांनीं बजावलें कीं, पुन्हां उन्हांत जाणें जिवावर बेतेल. आपण सध्यां जें जगणें जगत आहों त्यापेक्षां तें वाईट नाहीं, अशा आशयाचें उत्तर देऊन तो उठला. डॉक्टर मिठाच्या गोळ्या आणि ओले टॉवेल घेऊन दुपारची संपूर्ण फेरी त्याच्याबरोबर चालले.

दुपारीं व्हेंट्युरीनें ७० टोल्यांत फेरी पुरी केली. जेकब्सला ७६ लागले. एकूण २७८ टोले आणि चार टोल्यांनीं विजय! शेवटचा चेंडू होलांत पडला तेव्हां व्हेंट्युरीच्या हातांतील काठी गळून पडली. चेंडू उचलण्यास वांकण्याचें त्राण उरलें नव्हतें. बरोबर खेळणारा एकवीस वर्षांचा रेमंड फ्लॉइड पुढें झाला. त्यानें चेंडू काढून व्हेंट्युरीच्या हातीं दिला, आणि त्या तरुणाच्या डोळ्यांतून आंसवें वाहत होतीं. गोल्फमध्यें गुणपत्रिकेवर खेळाडूला स्वतः सही करावी लागते, आणि खऱ्याहून कमी टोले असलेल्या पत्रिकेवर सही झाली तर तो स्पर्धेंतून बाद होतो. व्हेंट्युरीला आंकडे आठवेनात. सही करावी कीं नाहीं या भीतीनें तो थबकला असतां मागें उभे असलेले संघटनेचे चिटणीस जो डे यांनीं, आंकडे बरोबर आहेत, सही कर, असें सांगितलें. पुढच्याच वर्षापासून एका दिवसांत दोन फेऱ्यांची ती प्रथा बंद झाली आणि स्पर्धा चार दिवसांची झाली.

त्या वर्षीं त्यानें आणखी दोन स्पर्धा जिंकल्या. वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पण भाग्याचें हें ऊन फार काळ टिकलें नाहीं. थोड्याच महिन्यांत त्याच्या बोटांना मुंग्या येऊं लागल्या, तीं बधिर व थंड पडूं लागलीं. मनगटांतील अरुंद मार्गांतून जाणारी नस दाबली जाण्याचा हा विकार. ज्या खेळांत सारी मदार बोटांच्या स्पर्शावर, त्यांत हातांत काठी आहे कीं नाहीं हेंच कळेनासें झालें. १९६५ सालीं दोन्ही हातांवर शस्त्रक्रिया झाली. १९६६ च्या जानेवारींत त्यानें आणखी एक स्पर्धा जिंकली, आणि ती हार्डिंग पार्कवर, जेथें तेरा वर्षांचा तोतरा मुलगा जगापासून लपण्यासाठीं आला होता त्याच हिरवळीवर. व्यावसायिक जीवनांतील त्याचा हा चौदावा विजय, आणि शेवटचा.

१९६८ सालीं सी. बी. एस. नें त्याला समालोचनासाठीं बोलाविलें. खेळाडूनें समालोचक होण्याची प्रथा तेव्हां नवी होती. त्याचा गुरु नेल्सन यानेंही दुसऱ्या एका संस्थेसाठीं हें काम केलें होतें. पण नेल्सनची जीभ कधीं अडखळत नव्हती. देशभर लाखों लोक ऐकत असतां, आयत्या वेळीं, हातांत लिहिलेला कागद नसतांना बोलावयाचें! मी आतां ज्या ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहें, त्याच्यापुढें कागद हातीं असूनही मनुष्याचा घसा कोरडा पडतो. व्हेंट्युरीनें तें आव्हान स्वीकारलें आणि २००२ सालापर्यंत, पस्तीस वर्षें, तें निभावलें. एकाच संस्थेंत प्रमुख समालोचक म्हणून इतका दीर्घ काळ काम केल्याचें दुसरें उदाहरण क्रीडाक्षेत्रांत क्वचितच सांपडेल.

या यशाचें मर्म काय असावें? रेडिओवरील वक्त्याला, श्रोत्याला न दिसणारी गोष्ट शब्दांनीं दाखवावी लागते. दूरचित्रवाणीवर प्रेक्षकाला चेंडू दिसतच असतो. तेथें वर्णनाची भरताड नको असते. दिसतें त्यामागें काय चाललें आहे एवढेंच सांगावयाचें असतें, आणि तें खेळाडूच्या एकाग्रतेचा काळ सांभाळून थोडक्यांत सांगावयाचें असतें. ज्याला प्रत्येक शब्द उच्चारण्यापूर्वीं मनांत तोलून पाहावा लागला, त्याला थोडक्यांत बोलण्याची कला निराळी शिकावी लागली नसेल, असें मला वाटतें. दुसरें असें कीं, चार टोल्यांची आघाडी घेऊन निघालेल्या तरुणाच्या पोटांत शेवटच्या दिवशीं कसा गोळा उठतो, हें त्याला पुस्तकांतून समजून घ्यावें लागलें नाहीं. ऑगस्टाच्या मैदानावर हरलेला मनुष्यच पुढें ऑगस्टाच्या हिरवळीविषयीं बोलत होता. त्याच्या शब्दांना वजन आलें तें विजयानें जितकें, तितकेंच पराभवानेंही.

उत्तर आयुष्यांत तोतऱ्या मुलांसाठीं काम करणाऱ्या संस्थांना त्यानें साहाय्य केलें, आणि आपल्या व्यंगाविषयीं तो उघडपणें बोलत राहिला. २००० सालीं प्रेसिडेंट्स कप सामन्यांत विजयी अमेरिकन संघाचा तो कप्तान होता. ६ मे २०१३ रोजीं जागतिक गोल्फच्या सन्मानमंदिरांत त्याचा समावेश झाला. तो आजारी असल्यामुळें त्याच्या मुलांनीं तो मान स्वीकारला. अकरा दिवसांनीं, १७ मे रोजीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं त्याचा अंत झाला.

श्रोतेहो, त्या शिक्षिकेला मी दुष्ट म्हणत नाहीं. तिनें जें पाहिलें तें सांगितलें. पण आज मुलाला काय येत नाहीं हें पाहणें वेगळें, आणि उद्यां त्याला काय येणार नाहीं हें ठरविणें वेगळें. पहिलें काम शिक्षकाचें आहे. दुसऱ्याचा अधिकार कुणालाच नाहीं. केनच्या आईनें तो निकाल ऐकला, पण त्यावर रडत न बसतां मुलालाच विचारलें, ‘तूं काय करणार?’ आपल्या घरांत एखादें मूल बोलतांना अडखळत असेल, तर त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये; त्याला वेळ द्यावा, हंसणाऱ्या भावंडांना आवरावें, आणि जेथें त्याला हंसणारें कुणी नाहीं अशी एखादी जागा मिळवून द्यावी. ती जागा गोल्फचें मैदान असण्याची गरज नाहीं. घराची गच्ची, विहिरीचा कांठ किंवा देवळामागचा पार एवढेंही पुरतें.